गुलमर्ग: पहिला दिवस विसाव्याचा

हिवाळ्यात गुलमर्गची कौटुंबिक सहल आखताना पहिला दिवस मोकळाच ठेवावा. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर आहे, गुलमर्ग 2,650 मीटरवर, तर तिथल्या गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा 3,900 मीटरच्याही वर नेतो. साधारण 2,500 मीटरनंतर विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ, धाप असे त्रास संभवतात. लहान मुलांना ते नीट सांगताही येत नाहीत. रजा मोजकी, मग दिवस वाया का घालवायचा, असे कोणी म्हणेल. पण आजारी पडून दोन दिवस खोलीत काढण्यापेक्षा एका दिवसाची विश्रांती परवडते. शिवाय नवशिक्यांना स्कीइंगसाठी खालचे सौम्य उतारच योग्य. म्हणून वरचा टप्पा शेवटी ठेवावा आणि हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.