विहिरीला परत जाणारे पाणी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



पाणी गाळून वापरावे हा जैन घरातील पहिला संस्कार होय. मात्र या संस्काराचे अंग एक नाही, दोन आहेत. दुहेरी वस्त्रातून पाणी गाळणे हे पहिले अंग सर्वांच्या परिचयाचे आहे. वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत पोहोचविणे, म्हणजेच जिवाणी करणे, हे दुसरे अंग होय. जिवाणीचे पाणी काठावरून फेकावयाचे नसे. तळाशी कडी असलेल्या भांड्यातून ते पाण्याच्या पातळीपर्यंत खाली सोडून हलकेच ओतले जाई. घरोघरी नळ आले, अंगणात कूपनलिका आल्या आणि ही परतीची वाट बंद झाली. गाळणे टिकले, परत देणे राहून गेले. आजचा पाण्याचा प्रश्न नेमका या राहून गेलेल्या अर्ध्या भागाशी निगडित आहे.

जैन विचारात पाणी ही निर्जीव वस्तू मानलेली नाही. आचारांग सूत्राच्या ‘शस्त्रपरिज्ञा’ या पहिल्याच अध्ययनात पृथ्वीकायाप्रमाणे अप्कायाचाही विचार केलेला आहे. श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये सरोवर, डोह व तलाव यांचे शोषण करणे याचा स्पष्ट समावेश आहे. अनर्थदंडाच्या विवेचनात विनाकारण पाणी सांडणे ही प्रमादचर्या ठरविली आहे. कूपनलिकांची कल्पनाही नव्हती त्या काळात हे नियम घातले गेले. आज भूगर्भातील पाणी उपसून शेजारची विहीर कोरडी पडत असेल, तर ते तडागशोषणाचेच नवे रूप नव्हे काय, हा प्रश्न प्रत्येक श्रावकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

सिल्लोडच्या संदर्भात तर हा प्रश्न अधिकच निकडीचा ठरतो. हा तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर आणि उतारावर वसलेला आहे. रांगेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस खेळणेसारख्या नद्यांमधून पूर्णेला मिळतो, पुढे येलदरीच्या जलाशयातून गोदावरीत जातो आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात विसावतो. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर मात्र उत्तरेकडे वळून तापीला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्राकडे जाते. दोन समुद्रांचे पाणी जेथे विभागते, त्या उंचवट्यावर हा तालुका उभा आहे. दूरच्या एखाद्या मोठ्या नदीचे पाणी आपसूक वाहत येथे येत नाही. जायकवाडीचा नाथसागर दक्षिणेला पैठणजवळ आहे आणि त्याचे कालवे तेथून पुढे उताराकडे जातात. सिल्लोड शहराच्या नळांना पालोदजवळील खेळणा मध्यम प्रकल्पाचा आधार राहिला आहे. थोडक्यात, येथून पाणी निघून जाते, बाहेरून येत नाही. म्हणून येथे पडलेला थेंब येथेच किती काळ थांबतो, यावर मका, मिरची, कापूस आणि माणसे या सर्वांचे भवितव्य अवलंबून आहे.

जमिनीची घडणही उदार नाही. दख्खनचा काळा बेसाल्ट पाणी साठवितो तो वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. गंगा-यमुनेच्या खोऱ्यासारखा गाळाचा खोल साठा येथे नाही. परिणामी चांगल्या पावसात विहिरी लवकर भरतात आणि उपसा वाढताच तितक्याच लवकर तळ गाठतात. कित्येक ठिकाणी अधिक खोल जाऊन पाणी वाढत नाही, केवळ खर्च वाढतो.

पूर्वी या मर्यादेला पावसाच्या स्वभावाची साथ होती. साधुसाध्वींचा चातुर्मास आणि पावसाचा चातुर्मास बरोबरीने चालत. रिमझिम लागे, झड बसे, पाणी मुरावयास सवड मिळे. आता हवेचे तापमान वाढत आहे. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हे बाष्प दीर्घकाळ रोखून धरले जाते आणि मग एकदम कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मराठवाड्याने तर दोन्ही टोके पाहिली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी शेजारच्या कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि घाटाखाली चाळीसगाव परिसरात पूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातील लाखो एकर शेती पाण्याखाली गेली. वर्षाची सरासरी पाहून बांधलेली व्यवस्था अशा पावसापुढे अपुरी ठरते, कारण सरासरी इतका पाऊस पडूनही शेतात दुष्काळ आणि पूर एकाच वर्षी येऊ शकतात.

मग टिकाऊ जलव्यवस्था कशी असावी? पहिली कसोटी सांडव्याची. मातीच्या धरणावरून पाणी ओसंडले तर भराव वाहून जातो, म्हणून जादा पाण्याला सुरक्षित वाट देणारा सांडवा हा धरणाचा प्राण असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. जुने पाझर तलाव आणि गावतलाव जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेले आहेत. त्यांचे सांडवे रुंद व मोकळे आहेत काय, भरावावर झाडे माजली आहेत काय, गळती आहे काय, याची तपासणी प्रत्येक पावसाळ्यापूर्वी होणे अगत्याचे आहे.

दुसरी कसोटी वेळेची. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा ओसरताना बरगे घालून पाणी अडवितात. बरगे लवकर घातले आणि उशिराचा पूर आला, तर काठ खचतो. ते उशिरा घातले, तर नदी वाहून गेलेली असते. पावसाचे वेळापत्रक बिघडल्यापासून हा निर्णय कठीण झाला आहे. तो पंचांगातील तारखेवर न सोपविता हवामानाचा अंदाज पाहून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बरगे शाबूत, मोजलेले आणि हाताशी असावे लागतात. अनेक बंधारे निकामी दिसतात त्याचे कारण बांधकामात नसते. गंजलेल्या अथवा हरवलेल्या बरग्यांत असते.

तिसरी कसोटी साठवणुकीच्या जागेची. उघड्या जलाशयातील पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन जाते, जमिनीत मुरलेले पाणी उन्हापासून सुरक्षित राहते. म्हणून डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध या क्रमाने पाण्याचा वेग कमी करणे हा पाणलोटाचा मूलमंत्र होय. जालना जिल्ह्यातील कडवंची या गावी १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून हे काम झाले आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तेथे शेकडो शेततळी झाली. परंतु शेततळ्याच्या बाबतीत एक विवेक बाळगावा लागतो. वाहून जाणारे पाणी धरणारे शेततळे ही बचत आहे. विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या अस्तरावर साठविणे म्हणजे मात्र सर्वांचे भूजल एकाच्या नावावर करून उन्हात वाळविणे होय. यंत्र एकच, अस्तर एकच, पण एकात संवर्धन आहे आणि दुसऱ्यात परिग्रह.

येथे अजिंठ्याच्या घाटाखालील वाकोदचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्या गावी १९३७ साली जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी जळगावातून ठिबक सिंचन लहान शेतकऱ्यापर्यंत नेले. रोपाच्या मुळाशी, लागेल तितकेच पाणी देण्याची ही पद्धत म्हणजे परिमाणव्रताचे तांत्रिक रूपच म्हणावे लागेल. मात्र ठिबकाने वाचलेले पाणी नवी बाग लावण्यात खर्च झाले, तर विहिरीचा उपसा तितकाच राहतो. तंत्राला व्रताची जोड लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ती जोड दिली. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यानंतर त्या गावात पाणलोटाची कामे झालीच, शिवाय सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर बंदी आली आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जाऊ लागला. पाऊस कमी तर पीक कमी पाण्याचे, हा निर्णय सर्वांनी मिळून घेतला. व्यापारी समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जमेपेक्षा खर्च अधिक असलेली पेढी किती दिवस चालेल?

आता प्रश्न उरतो तो दानाच्या दिशेचा. विहिरी, पाणपोया, धर्मशाळा बांधण्याची समाजाची परंपरा थोर आहे. शांतिलाल मुथा यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात आणि २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम केले. काढलेला गाळ शेतकऱ्यांनी शेतात पसरला. एकाच कामाने तलावाची खोली वाढली आणि हलक्या जमिनीचा कस सुधारला. या कामाचे विशेष महत्त्व असे की त्यातून नवे काही बांधले गेले नाही. जे होते ते पुन्हा उपयोगी झाले. दानशूराचे नाव बांधकामाच्या शिळेवर कोरले जाते. दरवर्षी गाळ काढणाऱ्याचे, गंजलेली झडप बदलणाऱ्याचे, सांडव्यातील झुडपे तोडणाऱ्याचे नाव कोठेही लागत नाही. म्हणूनच बांधकामे वाढतात आणि पाणी वाढत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर हजारो हातांनी खोदलेल्या तलावांची आजची अवस्था याच उपेक्षेची साक्ष देते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टला करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. १०० चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ६५० मिलिमीटर पाऊस धरला, तर ६५,००० लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के हाती लागले तरी ते ५२,००० लिटर होते. जल जीवन मिशनच्या माणशी दररोज ५५ लिटर या मापाने पाच जणांच्या कुटुंबाला ते सुमारे सहा महिने पुरेल. मंदिर, स्थानक, धर्मशाळा, पाठशाळा आणि सभागृह यांच्या छतांचे एकत्र माप घेतले, तर दरवर्षी किती लक्ष लिटर पाणी गटारात जाते याचा हिशेब प्रत्येकास करता येईल. हे पाणी पहिल्या सरीचे सोडून, वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत अथवा कूपनलिकेत सोडावे. रस्त्याचे व अंगणाचे मळके पाणी मात्र त्यात कदापि जाऊ देऊ नये, अन्यथा पुण्याच्या हेतूने भूजलच दूषित होईल. गाळून परत देणे हे येथे अक्षरशः घडते. छताचे पन्हाळे ही नव्या काळातील जिवाणीची वाट होय.

दुसरे, गावातील जुन्या विहिरींची नोंद करावी. कोणती बुजली, कोणतीत कचरा पडतो, कोणतीत पाणी आहे, किती खोल आहे, हे पाठशाळेतील मुलांनी उन्हाळ्यात व दिवाळीनंतर असे वर्षातून दोनदा दोरीने मोजून वहीत लिहावे. पाच वर्षांची अशी वही जवळ असणे हे कोणत्याही भाषणाहून अधिक मोलाचे ठरेल. एकाच स्रोतावर अवलंबून असलेले शहर त्या स्रोताबरोबरच कोरडे पडते. जिवंत विहिरी ही त्याची खरी राखीव ठेव आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जलकार्यासाठी मिळणाऱ्या प्रत्येक देणगीचा एक ठरावीक भाग केवळ देखभालीसाठी राखून ठेवण्याचा ठराव ट्रस्टने करावा, आणि त्या निधीतून झालेल्या कामाचा जमाखर्च वार्षिक सभेत नव्या बांधकामाच्या आधी वाचला जावा. शिळेवर नाव नको, वहीत नोंद हवी, असे म्हणणारे दाते या समाजात निश्चितच आहेत.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत ट्रस्टने समाजाकडून पुष्कळ घेतले आणि पुष्कळ परत दिले. पुढील पन्नास वर्षांत पावसाचा भरवसा कमी होत जाणार आहे, म्हणून परत देण्याची सवय वाढवावी लागेल. शताब्दीच्या स्मरणिकेत येथील विहिरींची पातळी छापली जावी आणि ती आजच्याहून वर असावी, एवढीच मंगलकामना. जय जिनेंद्र.