जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग: आधी काय, मग काय

 

फौजेत माझी नोकरी वाहतुकीच्या शाखेत, आर्मी सर्विस कोअरमध्ये झाली. निवृत्तीनंतर महूजवळ थोरल्या दादांच्या शेतावर राहतो. माळव्याची काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. आज बोलायचं आहे ते जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसवण्याबद्दल.

ऐकायला ही चैन वाटते. आमच्या घरी तशी ती नव्हती. दादा सत्तरीच्या पुढे गेले, खांदा साथ देईना. मुलगा नोकरीला पुण्यात. वहिनींना ट्रॅक्टर येतो, पण ओल्या रानात बांधापाशी वळताना स्टिअरिंग त्यांच्याच्यानं फिरेना. इंजिन ठणठणीत, लिफ्ट चांगली. तरी एवढ्यासाठी ट्रॅक्टर विकून कर्ज काढायचं, की शेत बटाईनं द्यायचं, यावर रोज चर्चा. तुमच्यापैकी काहींच्या घरीही ती चालू असेल.

तर पहिली गोष्ट. मदत जोडण्याआधी जडपणा कुठून येतो ते शोधा. पुढच्या चाकांत हवा बरोबर आहे का बघा. मग मागच्या चाकांना ओट लावा, पुढचा एक्सल जॅकनं उचला, खाली लाकडी ठोकळे द्या आणि एका हातानं स्टिअरिंग फिरवा. चाकं अधांतरी असूनही जड लागत असेल, तर दोष वजनाचा नाही, आतल्या सांध्यांचा आहे. आता स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा रॉड सोडा. तरीही जड असेल तर बॉक्समध्ये बिघाड. बॉक्स हलका फिरला तर किंगपिन, बुश आणि वजन पेलणारे थ्रस्ट बेअरिंग तपासा. ग्रीस न पोचलेला किंगपिन कितीही ताकदीचा पंप बसवला तरी झिजतच राहणार, आणि त्याची झीज आता तुमच्या हाताला कळणारही नाही. हे सगळं दुरुस्त करून पुष्कळांचं काम तिथंच भागतं.

भागलं नाही तर तेलाची मदत. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरनं 1926 मध्ये पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर ती चालवून दाखवली. दुसऱ्या महायुद्धात ती सैन्याच्या जड गाड्यांवर आली आणि 1951 मध्ये क्रायस्लरनं विक्रीच्या मोटारीत दिली. तत्त्व आजही तेच. पंप तेलाला दाब देतो, व्हॉल्व्ह तुमचा हात कुठे वळतो ते ओळखतो, आणि तेल त्या बाजूला जोर लावतं.

जुन्या ट्रॅक्टरवर ते बसवायचे मुख्य मार्ग दोन. एकात स्टिअरिंगपासून चाकापर्यंतची लोखंडी जोडणी तशीच राहते, तेल फक्त हातभार लावतं. दुसऱ्यात ती जोडणी काढून टाकतात. स्टिअरिंगखाली ऑर्बिटल युनिट, एक्सलवर सिलिंडर, आणि मधे फक्त होज पाइप.

दुसऱ्या मार्गाचा हिशेब आधी कागदावर करा. समजा सिलिंडरचा आतला व्यास 50 मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी निघणारा दांडा 25 मिलिमीटरचा, चाल 200 मिलिमीटर. पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे जायला सुमारे 295 सीसी तेल लागेल. युनिट एका फेऱ्यात 80 सीसी तेल ढकलत असेल, तर पावणेचार फेरे. हे ठीक आहे. दांडा एकाच बाजूनं निघणारा घेतलात, तर डावीकडचे आणि उजवीकडचे फेरे वेगळे येतील.

पंप वेगळा घ्या. फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंप मागच्या घरात असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओ सोडला की तो थांबतो. तेल तिथून घेतलं तर नेमकं वळताना स्टिअरिंग जड होईल. पंप इंजिनच्या पुलीवरून चालवा. फेऱ्याला 8 सीसीचा पंप 700 आरपीएमला मिनिटाला साडेपाच लिटरच्या आसपास तेल देतो. बांधापाशी आपण गती कमी करूनच वळतो, म्हणून हिशेब कमी गतीचा धरायचा.

आता धोका. याच सिलिंडरवर 80 बार दाब आला की 1,200 किलोच्या आसपास जोर लागतो. जुने टाय रॉड आणि आर्म माणसाच्या हाताच्या जोरासाठी बनवलेले. चाक दगडाला अडलं असताना हाताला काही जाणवत नाही आणि रॉड वाकतो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, आणि वळण पुरेल एवढ्याच कमी दाबावर तो लावायचा. चाचणी गेज लावून करा, अंदाजानं नको.

नव्या ट्रॅक्टरांत कारखान्यातूनच पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग येतं, मग आपण का नको, असं विचाराल. आपल्या मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरांची तपासणी करते. कारखान्याचं मॉडेल अशा तपासणीतून जातं. गावच्या वर्कशॉपमध्ये केलेली जोडणी जात नाही. पाइप फुटला तर शेतात ट्रॅक्टर थांबेल, पण गव्हानं भरलेली ट्रॉली घेऊन मंडीच्या उतारावर असाल तर समोर दुसऱ्याचं लेकरू असू शकतं.

आमचा ट्रॅक्टर रस्त्यावर जातो, म्हणून आम्ही पहिला मार्ग घेतला. हलक्या ट्रकमधला, तेलाची मदत आतच असलेला बॉक्स. ब्रॅकेट अनुभवी फिटरकडून, फ्रेमला बोल्टनं घट्ट. इंजिन बंद करून स्टिअरिंग जड पण फिरतं, हे दादांनी स्वतः पाहिलं, मगच ट्रॅक्टर रानात गेला. किंगपिन आणि बुश त्याआधीच बदलले होते.

कागदही बघा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. उत्तर फाइलला लावा.

या खरिपात पेरणीचे दोन दिवस वहिनींनी एकट्यानं ट्रॅक्टर चालवला. बटाईचा विषय सध्या तरी थांबला आहे. दर पन्नास तासांनी होज, बेल्ट आणि तेलाची पातळी त्या स्वतः बघतात आणि वहीत लिहून ठेवतात. तुम्हीही एक वही करा. आधी जॅक लावून बघा, मग पैसे खर्च करा.

जय हिंद.