कव्हरखालचा कॉम्प्युटर



गेल्या वर्षी कामानिमित्त इंग्लंडला गेले, तेव्हा केंब्रिजमधलं ‘सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरी’ हे छोटंसं संग्रहालय पाहिलं. तिथे जुना वर्ग मांडलाय, बाकांवर लाल कळांचे बीबीसी मायक्रो. हो, आपल्या शाळेतला तोच! केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये काढलेला, १९८४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडे आलेला. मेमरी अवघी ३२ केबी.

आठवतंय? चपला बाहेर, मशीनवर कव्हर, एका मशीनभोवती दहाजण. मुलगे पुढे, आम्ही मुली मागे. माझा नंबर येईपर्यंत घंटा व्हायची. दोन वर्षांत मी एकही कळ दाबली नाही.

संग्रहालयात मशीनला हात लावायची मुभा आहे, तरी माझा हात आपोआप मागे गेला. शेजारची आठेक वर्षांची मुलगी मात्र धडाधड टाइप करत होती. चुकली, हसली, पुन्हा सुरू. मग मीही माझं नाव टाइप केलं.

आज आपली बॅच शाळेला नवे कॉम्प्युटर देतेय. सर, एकच विनंती. ते जपून ठेवू नका. बिघडले तर दुरुस्तीला आम्ही आहोत. प्रत्येक मुलाचा हात लागू दे, आणि मागे उभ्या असलेल्या मुलीचा आधी.