हे कशावरून?



मुलांना विचार करावयास शिकवा, असा उपदेश शिक्षकाला सगळेच करतात. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यांतही वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासा यांचा विकास करणे हे एक कर्तव्य आहे. परंतु साठ मुलांच्या वर्गात हे कर्तव्य बजावायचे कसे, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या 'कसे'चाच विचार आज आपण करू, आणि उदाहरणे आपल्या बीड जिल्ह्यातलीच घेऊ.

आपल्या शहराजवळची खजाना विहीर पाहा. निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने ती बांधविली असे सांगतात. कितीही दुष्काळ पडो, तिचे पाणी हटत नाही अशी तिची ख्याती आहे. हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेणे सोपे. त्याऐवजी आपण एक दोरी घेऊ, तिला हाता-हातावर गाठी मारू, टोकाला दगड बांधू. दसऱ्याला, संक्रांतीला आणि अक्षय्यतृतीयेला शिक्षकांच्या देखरेखीखाली काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजू. मात्र त्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज आणि त्याचे कारण वहीत लिहावे. मग कोणी म्हणेल, दरवेळी एकाच जागेवरून मोजले पाहिजे. कोणी म्हणेल, दोघांनी निरनिराळे मोजावे. कोणी विचारील, एका वर्षावरून कायमचे कसे ठरवावे? ही चर्चा हाच खरा धडा. पाणी उतरले तर दंतकथेला मर्यादा पडेल; न उतरले तर ते येते कोठून, हा पुढचा प्रश्न उभा राहील. दोन्हींत विहिरीचा अपमान नाही.

दुसरे उदाहरण थोडे अवघड, कारण तेथे आपला अभिमान आड येतो. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराज आपल्या अंबाजोगाईचे, त्यांची समाधीही तेथे, असे आपण मानतो. परंतु ग्रंथातील स्थळाचा उल्लेख वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा आहे, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. शके १११० या रचनाकाळाविषयीही मतभेद आहेत. वर्गाचे दोन पक्ष करावे. एकाने अंबाजोगाईची बाजू मांडावी, दुसऱ्याने आंभोऱ्याची. आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलाव्या. काल जे खोडले ते आज मांडायचे! पंच नेमलेल्या मुलांनी टाळ्या मोजू नयेत, पुरावे मोजावे. 'पुरावा अपुरा आहे' हाही निकाल त्यांना देता आला पाहिजे.

तिसरे उदाहरण पोटाचे आहे. दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, आणि पुष्कळ मुलांची शाळा तेथे तुटते. म्हणून हा धडा पहिल्या सत्रातच झाला पाहिजे. गणिताच्या तासाला असे गृहीत धरू : एका कोयत्याची उचल ८०,००० रुपये, तोडणीचा दर टनाला ४०० रुपये, दिवसाची तोड २ टन. मुले चटकन सांगतील, २०० टन, म्हणजे १०० दिवस. उत्तर बरोबर, पण विचार येथून पुढे सुरू होतो. वजन कोणी केले? त्याची पावती कोठे आहे? आजारपणाचे खाडे कसे धरले? मागची बाकी किती, आणि ती कशावरून? हे प्रश्न वर्गात विचारलेले मूल उद्या मुकादमाच्या वहीसमोर मुके बसणार नाही.

कोणी म्हणतील, अशाने मुले उद्धट होतील. आम्हांस तसे वाटत नाही. 'हे कशावरून?' हा प्रश्न आधी स्वतःच्या मताला लावायचा, ही शिस्त वरील तिन्ही प्रयोगांत आहे. अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीतीही फारशी खरी नाही. पंधरवड्यातून एक तास पुरेसा आहे. आणि इतिहास, विज्ञान, गणित हे विषय त्यात आपोआप येतात.

उरते ते आपणां पालकांचे काम. शाळेत जागा झालेला प्रश्न घरी आल्यावर 'गप्प बैस' म्हणून मारला जाऊ नये. उत्तर ठाऊक असेल तर कारणासह सांगावे. नसेल तर मुलाबरोबर शोधावयास निघावे. एवढे आपण मान्य केलेत, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.