शेजारची बैठक



कामगार संघटनेच्या माणसाला मोटारींच्या शर्यतीशी काय कर्तव्य, असे आपण विचाराल. पण वाळवंटातल्या डाकार शर्यतीत साइड-बाय-साइड नावाची एक हलकी, उघडी गाडी धावते; नळ्यांचा पिंजरा आणि त्यात शेजारीशेजारी दोघे. २०१७ साली तिचा वेगळा वर्ग झाला. २०१८ साली पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना या वाटेवर ब्राझीलचे रेनाल्दो वारेला व गुस्तावो गुगेलमिन जिंकले. एकाच्या हाती सुकाणू, दुसऱ्याच्या हाती मार्गाची वही. निकालात नावे मात्र दोघांची. आम्हाला हे फार आवडले.

या गाडीचे मर्म तिच्या रबरी पट्ट्यात आहे. इंजिनाचा जोर दोन पुल्यांवरून तोच चाकांकडे नेतो. चाके वाळूत रुतली आणि हाकणाऱ्याने नुसता जोर लावला, की पट्टा घसरतो, तापतो, त्याच्या चिंध्या होतात. मग दोघांनी उतरायचे, झाकण खोलायचे, चिंध्या वेचायच्या, नवा पट्टा चढवायचा. तापल्या यंत्रात हात घालणे काय असते, ते इथल्या कारखान्यांतल्या मंडळींना आम्ही काय सांगावे!

एरवी मुक्कामावर मिस्त्री रात्र जागून गाडी उभी करतात. निकालात त्यांची नावे आम्हाला आढळली नाहीत. पण काही मुक्कामांवर मिस्त्रींना मज्जाव असतो. तिथे हाकणाऱ्यानेच पाना धरायचा. (आमच्या ओळखीच्या काही मालकांनाही अशी एक रात्र मिळावी!) २०२४ साली सौदी अरबस्तानच्या वाळवंटात ४८ तासांचा असाच टप्पा ठेवला होता. दुपारचे चार वाजले, की पुढच्या तळावर थांबायचे. तिथे तंबू मिळे, शिधा मिळे. मिस्त्री मिळत नसे.