बंदीतील खेळाडू आणि व्यसनमुक्ती



आजच्या भाषणाचा विषय मैदानावरील पराक्रमाचा नव्हे. पराक्रमी माणसाला मैदानाबाहेर बसावे लागते, त्या काळाचा आहे. खेळावर उपजीविका करणारा एखादा तरुण दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या आहारी जातो, नियामक मंडळ त्याच्यावर बंदी घालते, चार दिवस वर्तमानपत्रांत गवगवा होतो, आणि मग त्याचे नावही कोणी काढीत नाही. पुढे त्याचे काय होते, व काय व्हावयास पाहिजे, याचा विचार आपण गृहस्थ मंडळींनी करावयास हवा. कारण बंदीचा हुकूम मंडळाच्या कचेरीतून सुटतो खरा, परंतु ती बंदी भोगावी लागते घरात.

मी वसईजवळच्या गिरीज गावचा एक निवृत्त शाळामास्तर. वैद्यकाचा अधिकार मला नाही. मुलांना शिस्त लावण्यात मात्र उभी हयात गेली. शिक्षा कशी द्यावी आणि शिक्षेच्या काळात मुलाचे काय करावे, हे दोन प्रश्न भिन्न आहेत, एवढे त्या अनुभवाने शिकविले. वर्गाबाहेर काढलेल्या मुलाला दिवसभर कोणी धडा दिला नाही, तर तो बाहेर भलताच धडा गिरवून परत येतो. खेळाडूचेही तसेच आहे.

येथे प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बंदी आली म्हणजे खेळाडू व्यसनी ठरला, असे मुळीच नव्हे. आमच्या शेजारच्या विरारात वाढलेले क्रिकेटपटू पृथ्वी शॉ यांच्यावर 2019 साली आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधातून टर्ब्युटलिन नावाचे निषिद्ध द्रव्य अनवधानाने पोटात गेले, हे त्यांचे स्पष्टीकरण क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केले होते. त्यात व्यसनाचा लवलेशही नव्हता. म्हणून कोणाच्या बंदीची वार्ता कानी येताच जिभेला आवर घालावा, हे पहिले कर्तव्य.

आता व्यसनाकडे वळू. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, 2021 पासून अमलात आलेल्या संहितेत एक शहाणपणाचे कलम आहे. कोकेन, हेरॉईन, एमडीएमए आणि गांजा-चरसातील टीएचसी या चार द्रव्यांचा त्यात निराळा विचार केलेला आहे. सेवन स्पर्धेच्या काळाबाहेर झाले, व कामगिरी वाढविण्याशी त्याचा संबंध नव्हता, असे खेळाडूने सिद्ध केल्यास बंदी तीन महिन्यांची होते. आणि मान्य उपचारक्रम त्याने समाधानकारक रीतीने पुरा केल्यास ती एक महिन्यावर येऊ शकते. दंडाच्या जोडीला औषधाची योजना कायद्यानेच केली, ही मोठी गोष्ट होय. 1991 साली इटलीत दिएगो मॅराडोना यांच्या चाचणीत कोकेन आढळले, तेव्हा पंधरा महिन्यांची बंदी आली. व्यसनाशी त्यांची झुंज मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे संपली नाही. उलट दक्षिण आफ्रिकेचे गोलंदाज कागिसो रबाडा यांनी 2025 साली उपचारक्रम पुरा केला व एक महिन्याची बंदी भोगून ते परतले. त्याच जूनमध्ये लॉर्ड्सवरील कसोटी अजिंक्यपदाच्या सामन्यात त्यांनी नऊ बळी घेतले. त्यांना व्यसन जडले होते असे माझे म्हणणे नाही. मार्ग उघडा ठेवला म्हणजे माणूस परत येऊ शकतो, एवढेच दाखवावयाचे आहे.

तथापि या कलमात एक खाचखळगा आहे, आणि माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा तोच. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे नाव आपणांस ठाऊक आहेच. डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, ते 1986 साली सुरू केले. तेथील निवासी उपचारक्रम पस्तीस दिवसांचा आहे, आणि तेथून बाहेर पडल्यावरही पाठपुराव्याला येत राहावे लागते. आता साधा अंकगणिताचा हिशेब करा. सवलतीची बंदी तीस दिवसांची. निवास पस्तीस दिवसांचा. म्हणजे ज्याला व्यसन खरोखर जडले आहे, त्याचा उपचार पुरा होण्यापूर्वीच मैदानाचे दार उघडू शकते! संघाला सामना जिंकावयाचा असतो, घरात पैशाची ओढाताण असते, आणि स्वतः खेळाडू तर परतण्यास आतुर झालेला असतो. अशा वेळी ‘थांब, अजून तू बरा झालेला नाहीस’ असे म्हणणारा कोणी तरी जवळ हवा. बंदी पंचांगाप्रमाणे संपते. व्यसन पंचांग पाहत नाही.

दुसरी अडचण एकांताची. बंदीच्या काळात खेळाडूला मान्यताप्राप्त संस्थेच्या कोणत्याही स्पर्धेत वा कार्यात भाग घेता येत नाही. संघाबरोबर सराव करण्याची मुभा मिळते ती शेवटचे दोन महिने किंवा मुदतीचा अखेरचा चतुर्थांश, यांपैकी जो काळ कमी असेल तेवढीच. नव्वद दिवसांच्या बंदीत हे सुमारे बावीस दिवस झाले. पहाटेचा सराव, सोबत्यांची थट्टामस्करी, गुरूचा धाक, या तीन दोरांनी ज्याचा दिवस बांधलेला होता, त्याचे तिन्ही दोर एकदम तुटतात. रिकामा दिवस आणि अपमानाची बोच, याहून व्यसनाला अनुकूल भूमी कोणती? येथे स्नेह्यांनी एक सावधगिरी मात्र बाळगावी. दयेपोटी एखादा क्लब त्याला मुलांना शिकविण्यास बोलावतो. परंतु तो क्लब मान्यताप्राप्त संघटनेचा असल्यास बंदीचा भंग होतो, आणि मूळ मुदतीइतकी नवी बंदी मागे लागू शकते. वैयक्तिक व्यायामास मात्र आडकाठी नाही. आमच्या भुईगावच्या किनाऱ्यावर पहाटे त्याच्याबरोबर धावणारा एक मित्र शंभर उपदेशकांहून अधिक उपयोगी पडेल. संहितेने उपचार व प्रबोधन यांच्या कार्यक्रमांना बंदीतून मोकळे ठेवले आहे, हेही ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट दारूची. 2018 पासून मद्य ‘वाडा’च्या निषिद्ध सूचीत नाही. म्हणून आपल्याकडील सर्वांत रूढ व्यसन चाचणीत सापडत नाही; ते गैरवर्तनाच्या रूपाने, निलंबनाच्या पत्राने, किंवा कारकीर्द सरल्यावर आजाराच्या रूपाने प्रकट होते. विनोद कांबळी यांच्यावर अशी बंदी कधी आली नव्हती. परंतु 2024 च्या अखेरीस त्यांनी पुनर्वसन केंद्रात जाण्याची तयारी जाहीरपणे बोलून दाखविली, आणि कपिल देव यांनी त्यासाठी साहाय्य देऊ केले होते. जुने सहकारी धावून येतात, हे भूषणावह आहे. परंतु अशी मदत खेळाच्या ऐन उमेदीतच, संघाच्या नियमांत लिहिलेली असावी. ती कोणा थोराच्या औदार्यावर अवलंबून नसावी. ज्या कार्यालयांत व महामंडळांत खेळाडू नोकरीस असतात, त्यांनी उपचाराची रजा ही आजाराची रजा मानावी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांना मानसिक आजारांत गणले आहे; तेव्हा ही मागणी भिक्षेची नव्हे, न्यायाची आहे.

शेवटी घरातील माणसांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. बऱ्याच दिवसांची दारू एकाएकी घरच्या घरी तोडू नये. अंगाला कंप सुटणे, आकडी येणे, भ्रम होणे असे जिवावरचे प्रसंग ओढवतात. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. दुखापतीवरील वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब ठेवावा, कारण त्यांतील काही स्वतःच व्यसन लावणाऱ्या असतात. त्याची उधारी गुपचूप फेडून त्याच्या चुकीवर पांघरूण घालू नये. उलट त्याला जेवणाच्या पंक्तीतूनही उठवू नये. आणि तो पुन्हा घसरला, तर ‘संपले सारे’ असे न म्हणता त्याच दिवशी त्याला उपचाराकडे परत न्यावे. घसरणे हा या आजाराचा स्वभाव आहे, उपचाराचा पराभव नव्हे. वाट सुचत नसल्यास 14446 हा सरकारी विनामूल्य दूरध्वनी आहे. त्यावर घरच्यांनीही विचारणा करावी.

श्रोतेहो, खेळाडू षटकार मारतो, चढाई जिंकतो, तेव्हा ‘आमचा मुलगा’ म्हणून आपण त्याला खांद्यावर घेतो. बंदीच्या दिवसांतही तो आमचाच असतो. त्या वेळी त्याला खांद्यावर घेण्याची गरज नाही; खांद्याला खांदा लावून चालले, तरी पुष्कळ झाले.