धागा, उष्णता आणि सूक्ष्मकणांचे द्रव



सुरत म्हटले की मराठी मनाला शिवकाल आठवतो, तशीच पैठणीच्या काठापदरातील जरही आठवते. चांदीची तार अधिकाधिक बारीक छिद्रांतून ओढत नेणे हा या शहराचा जुना हुन्नर. आज तेथे पॉलिएस्टर धाग्याचा मोठा व्यवसाय असून खानदेशातून गेलेली असंख्य कुटुंबे त्यावर पोट भरतात. ओढला जाणारा पदार्थ आणि त्यातून निघून जाणारी उष्णता यांचे गणित म्हणूनच मराठी वाचकाने परके मानण्याचे कारण नाही.

पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते. हा रस सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतो, ताणला जातो आणि हवेच्या झोतात थिजतो. पुढे टेक्श्चरायझिंगच्या यंत्रावर तोच धागा तापवून पिळतात, थंड करतात आणि मग पीळ उलगडतात. उलगडण्यापूर्वी तो पुरेसा निवला नाही, तर त्याचा कुरळेपणा टिकत नाही. यंत्राचा वेग किती वाढवावा, हे अशा रीतीने निवण्याच्या गतीवरही अवलंबून असते.

घन पृष्ठाला लगटून वाहणाऱ्या द्रवाच्या पातळ थरास सीमास्तर म्हणतात. ही कल्पना लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडली. फटीतून अखंड बाहेर पडणाऱ्या पृष्ठाचा विचार साकियाडिस यांनी १९६१ मध्ये केला, तर फटीपासून जितके दूर तितका वेग अधिक, अशा ताणल्या जाणाऱ्या पृष्ठाचे कोडे क्रेन यांनी १९७० मध्ये सोडविले. उत्तर विलक्षण सुटसुटीत निघाले. अशा पृष्ठावर सीमास्तराची जाडी सर्वत्र सारखी राहते. ताणण्याचा दर वाढला की थर पातळ होतो आणि उष्णतेची वाट सुकर होते.

१९९५ मध्ये अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे स्टीफन चोई यांनी द्रवात अतिसूक्ष्म कण मिसळण्याची कल्पना मांडून अशा मिश्रणास 'नॅनोफ्लुइड' हे नाव दिले. तांब्याची उष्णतावाहकता पाण्याच्या सहाशे पटींहून अधिक, हा त्यामागील आधार. इथिलीन ग्लायकॉलमध्ये अवघे ०.३ टक्के तांबे मिसळल्याने वाहकता ४० टक्क्यांनी वाढल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संशोधकांची रीघ लागली. २०१० मध्ये खान व पॉप यांनी ताणलेल्या पृष्ठावरील नॅनोफ्लुइडचे गणित मांडले. तेव्हापासून या विषयावरील निबंधांना खंड नाही.

तथापि मॅक्सवेल यांच्या एकोणिसाव्या शतकातील सूत्रानुसार, उत्तम वाहक गोल कणांचे प्रमाण १ टक्का असल्यास वाहकता सुमारे ३ टक्केच वाढते. २००९ मध्ये तीसहून अधिक संस्थांनी एकसारखे नमुने तपासले, तेव्हा निष्कर्ष जुन्या सिद्धांताला धरूनच आले. शिवाय कणांमुळे द्रव दाट होतो व पंपाचे श्रम वाढतात. आइन्स्टाइन यांच्या नियमाप्रमाणे त्याच १ टक्क्यास दाटपणा २.५ टक्क्यांनी वाढतो.

यावरून समीकरणे व्यर्थ ठरत नाहीत. कोणती राशी मोजावी, हे तीच सांगतात; परंतु त्यांत घातलेला आकडा खरा की फुगविलेला, याचा निवाडा प्रयोगानेच होतो. मॅक्सवेलचा ग्रंथ आणि नवा निबंध एकाच टेबलावर उघडून पाहण्याची सोय ग्रंथालय देते, आणि असा निवाडा तेथेच सुरू होतो.